बुडालेल्या गाडीचा क्लेम : इयत्ता पहिली

प्रस्तावना

महाराष्ट्रात गाडी बुडण्याचे दिवस जवळजवळ ठरलेले आहेत. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझच्या वेधशाळेने चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस मोजला आणि मुंबईतल्या गाड्या जिथे होत्या तिथेच बुडाल्या. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरली. २५ जुलै २०२४ ला खडकवासल्यातून पाणी सोडलं आणि पुण्यात सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीची पार्किंग पाण्याखाली गेली. तिन्ही तारखा जुलैच्या शेवटच्या दहा दिवसांतल्या. तरीही बहुतेक घरांत गाडीची पॉलिसी पहिल्यांदा वाचली जाते ती पाणी सीटपर्यंत आल्यावर, आणि तीही मोबाईलच्या उजेडात, कारण लाइट गेलेले असतात.

हे पाठ्यपुस्तक अशा नवशिक्यांसाठी आहे. पूर्वज्ञानाची गरज नाही, बुडालेली गाडी असली की पुरे. अभ्यासक्रमाचा गाभा सुरुवातीलाच सांगून टाकतो, म्हणजे ज्यांना पुढचे धडे वाचायचा कंटाळा आहे त्यांनाही पास होता येईल : गाडी बुडाल्यावर माणसाला जे जे करावंसं वाटतं, ते ते न करणं म्हणजे क्लेम. या विषयात करण्यापेक्षा न करण्याला गुण जास्त आहेत.

प्रवेशाची अट

‘गाडीचा विमा आहे’ एवढ्यावर प्रवेश मिळत नाही. मोटार वाहन कायदा, १९८८ प्रमाणे सक्तीचा आहे तो थर्ड पार्टी विमा. तुमच्या गाडीने दुसऱ्याचं नुकसान केलं तर त्याची भरपाई तो करतो. पावसाने तुमच्या गाडीचं नुकसान केलं, तर थर्ड पार्टी विमा तुमच्याच शेजारी उभा राहून हळहळतो. पुराचं नुकसान मिळतं ते ‘ओन डॅमेज’ भागातून, म्हणजे कॉम्प्रिहेन्सिव्ह पॉलिसी असेल तर. चार पैसे वाचवायला ज्यांनी नुसता थर्ड पार्टी घेतला आहे, त्यांनी इथूनच वर्गाबाहेर जावं. पुढचं ऐकून उगाच जिवाला त्रास होईल.

धडा पहिला : किल्ली

पाणी ओसरलं आहे. गाडी चिखलात उभी आहे, पण काचा शाबूत, पत्रा शाबूत. अशा वेळी हात आपोआप खिशाकडे जातो. एकदा चालू तर करून बघू! हाताला आवर घाला. संपूर्ण परीक्षेतला हा सर्वांत सोपा प्रश्न आहे आणि सर्वांत जास्त विद्यार्थी यातच नापास होतात.

शास्त्रीय कारण असं : इंजिनाच्या सिलिंडरमध्ये पिस्टन वर येतो तेव्हा आतली हवा दाबली जाते. हवा दबते, पाणी दबत नाही. एअर फिल्टरच्या वाटेने पाणी आत गेलेलं असताना स्टार्टर मारला, तर पिस्टन त्या पाण्यावर आदळतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. नशीब फारच खराब असेल तर इंजिनाचा ब्लॉक फुटतो. गॅरेजवाले याला ‘हायड्रो लॉक’ म्हणतात. विमा कंपनीचं म्हणणं असं की, पूर निसर्गाने आणला हे मान्य, पण किल्ली तुम्ही फिरवलीत. म्हणजे इंजिनाचं नुकसान पुराने थेट केलेलं नाही, ते मागाहून झालं, आणि साध्या पॉलिसीत असं मागाहून झालेलं नुकसान बसत नाही. त्यासाठी ‘इंजिन प्रोटेक्ट’ नावाचं ॲड-ऑन असतं. पॉलिसी घेताना “हे कशाला उगाच?” असं विचारून आपण जे काढायला लावलं होतं, तेच ते.

ही परीक्षा एकट्याने द्यायची असती तरी बरं होतं. पण पार्किंगमध्ये सोसायटी जमलेली असते.

“एक सेल्फ मारून तर बघा,” दुसऱ्या मजल्यावरचे काका म्हणतात.

“नको काका, इंजिनात पाणी गेलं असेल.”

“अहो, फियाट होती आमची. कमरेएवढ्या पाण्यातून काढली होती मी दादरला. काही होत नाही.”

“साहेब, सेकंड टाका, आम्ही धक्का देतो,” वॉचमन बाह्या सरसावतो.

धक्का देऊन गाडी चालू करणं हा किल्ली फिरवण्याचाच प्रकार आहे. गिअर पडलेला असला की चाकं इंजिनाला फिरवतात आणि पिस्टन आदळायचा तो आदळतोच. काकांशी वाद घालू नका, कारण त्यांची फियाट आता साक्षीला येऊ शकत नाही. फक्त म्हणा, “कंपनीने हात लावायचा नाही म्हणून सांगितलंय.” कंपनीला अजून फोन लागलेला नसला तरी हे वाक्य चालतं. काकांचा राग कंपनीवर जातो आणि तुमचं इंजिन वाचतं.

प्रात्यक्षिक : पाणी पूर्ण उतरलं असेल आणि जवळ जाणं सुरक्षित असेल, तर बॅटरीची निगेटिव्ह वायर काढावी. गाडी न्यूट्रलमध्ये ठेवावी. ती गॅरेजला न्यायची ती फ्लॅटबेडवर चढवून. इलेक्ट्रिक किंवा हायब्रिड गाडी असेल तर यातलं काहीही स्वतः करू नये. लांब उभं राहून कंपनीच्या माणसांची वाट बघावी.

धडा दुसरा : फडका

किल्लीचा मोह आवरला की घरातून बादली आणि फडका येतो. आई म्हणते, “निदान सीट तरी पुसून घे, वास मारतोय.” मुलं पाइप घेऊन उभी असतात. घर स्वच्छ ठेवणाऱ्या माणसांची ही सहजप्रवृत्ती क्लेमच्या मुळावर येते. डॅशबोर्डवरचा तो चिखल घाण नव्हे, पुरावा आहे.

आधी फोटो. गाडीच्या दारावर आणि मागच्या भिंतीवर पाण्याची जी तपकिरी रेघ उमटलेली असते, तिचा नंबर प्लेटसह फोटो काढा. पाणी कार्पेटपर्यंत आलं, सीटपर्यंत आलं की डॅशबोर्डच्या वर गेलं, यावर पुढचा सगळा हिशोब ठरतो आणि ती रेघ त्याची साक्षीदार असते. मग चारही बाजू, आतल्या सीट, डिकी. पाणी भरलेलं असतानाचा व्हिडिओ कोणी गॅलरीतून काढला असेल तर तो मागून घ्या. सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तो आलेला असतोच, वर ‘आमची व्हेनिस’ असं लिहून.

‘काहीच करू नका’ याचा अर्थ गाडी पाण्यात कुजत ठेवा असा मात्र नाही. नुकसान आणखी वाढू न देण्याची जबाबदारी पॉलिसीने तुमच्यावरच टाकलेली असते. गाडी उंचावर हलवा, सुरक्षित ठिकाणी न्या. खोलायला, धुवायला, दुरुस्त करायला परवानगी सर्व्हे झाल्यावर.

या धड्यातला ठरलेला विनोद ग्लोव्ह बॉक्समध्ये सापडतो. गाडी पुरापासून सुरक्षित असल्याचं सांगणारी पॉलिसी, आरसी आणि पीयूसी तिथे प्लास्टिकच्या पाकिटात तरंगत असतात. ज्यांनी डिजिलॉकर किंवा एमपरिवहनवर कागद ठेवले आहेत त्यांनी हसावं. बाकीच्यांनी ते पंख्याखाली वाळत घालावेत.

धडा तिसरा : फोन

आता कंपनीला कळवायचं. नवशिका सर्वप्रथम एजंटला फोन करतो. एजंट भला माणूस असतो, दिवाळीला कॅलेंडर देतो, पण पुराच्या दिवशी त्याच्या दोनशे गिऱ्हाइकांच्या गाड्या एकाच वेळी बुडालेल्या असतात आणि बहुधा त्याची स्वतःचीही. शिवाय एजंटच्या कानावर घालणं म्हणजे कंपनीला कळवणं नव्हे. कंपनीच्या टोल फ्री क्रमांकावर किंवा ॲपवर नोंद करा आणि क्लेम नंबर मिळेपर्यंत फोन सोडू नका. तो नंबर आपल्या वहीत लिहा, नुसता लक्षात ठेवू नका. बोलणाऱ्याचं नाव आणि वेळही त्याच पानावर.

क्लेम फॉर्ममध्ये ‘नुकसान कसे झाले’ याला दोन ओळींची जागा असते. मराठी माणसाच्या अंगात इथे कादंबरीकार संचारतो : ढग कसे दाटले, मेव्हण्याचं लग्न कसं होतं, आपण आधीच सोसायटीला नाला साफ करायला कसं सांगितलं होतं. एवढं पुरे : गाडी अमुक ठिकाणी उभी होती, अमुक तारखेला रात्री पाणी शिरलं, गाडी चालू केलेली नाही. खरं लिहा आणि थोडं लिहा. गाडी पाण्यातून चालवताना बंद पडली असेल तर ‘उभी होती’ असं मुळीच लिहू नका. खोटी माहिती हे क्लेम नाकारायला कंपनीला मिळणारं सर्वांत भक्कम कारण आहे, आणि ते आपणच आपल्या अक्षरात लिहून दिलेलं असतं.

एक गोंधळ टाळा. पुरानंतर गावात तलाठी येतो आणि पंचनामा करतो, तो सरकारी मदतीसाठी. विमा कंपनीचा सर्व्हे वेगळा. “आमचा पंचनामा झालाय” म्हणून निर्धास्त बसलेल्या माणसाचा क्लेम नोंदवलेलाच नसतो, असं घडतं. पंचनाम्याची प्रत मात्र जपून ठेवा. त्या दिवशी त्या जागी पूर होता, हे सिद्ध करायला ती उपयोगी पडते.

धडा चौथा : सर्व्हेअर

सर्व्हेअर हा या नाट्यातला सर्वांत कमी बोलणारा नट. तो येतो, वाकून बघतो, फोटो काढतो, कार्पेट दाबून बघतो आणि म्हणतो, “हं.” या ‘हं’चा अर्थ लावण्यात नवशिके रात्र घालवतात. लावू नका.

त्याची बिदागी कंपनी देते, पण परवाना त्याला विमा नियामक आयआरडीएआयचा असतो आणि त्याने निःपक्ष राहावं अशी अपेक्षा असते. त्याला चहा द्या, सल्ला देऊ नका. नाव आणि परवाना क्रमांक विचारून घ्या. त्याच्यासमोर सगळं नुकसान मोजून दाखवा. जे दाखवलं नाही ते त्याच्या अहवालात येत नाही आणि जे अहवालात येत नाही ते झालंच नाही असं समजलं जातं. अहवालाची प्रत मागण्याचा तुम्हाला हक्क आहे, हे त्याला हसतमुखाने सांगा.

वेळापत्रकही पाठ करा. २०२४ च्या नियमांप्रमाणे कळवल्यापासून २४ तासांत सर्व्हेअर नेमायचा, १५ दिवसांत त्याचा अहवाल यायचा आणि अहवाल आल्यावर ७ दिवसांत कंपनीने निर्णय द्यायचा. मोठ्या पुरात ही घड्याळं मागे पडतात. आपण मात्र दर मुदत संपली की एक ईमेल टाकावा. भाषा नम्र, विषयाच्या ओळीत क्लेम नंबर, मजकुरात तारखा. फोनवर केलेल्या आरडाओरड्याची नोंद कुठेच राहत नाही. ईमेल राहतो.

इकडे गॅरेजमध्ये सर्व्हिस ॲडव्हायझर इस्टिमेट काढत असतो. “खोलून बघितल्याशिवाय सांगता येणार नाही,” हे त्याचं पहिलं वाक्य. खोलल्यावरही आकडा वाढतच जातो. अशा वेळी वाढीव कामाचं इस्टिमेट पुन्हा सर्व्हेअरकडून मंजूर झालं का, एवढंच विचारायचं. त्याने मंजूर केलेलं काम कंपनीच्या खात्यात, त्याला न विचारता केलेलं काम तुमच्या खात्यात. गॅरेज कंपनीच्या कॅशलेस यादीत असेल तर मंजूर रक्कम कंपनी परस्पर देते. तरीही तुम्हाला पैसे भरावे लागतातच. किती, ते पुढच्या धड्यात.

धडा पाचवा : गणित

समजा गाडी साडेतीन वर्षांची, इंजिन १२०० सीसीचं, पॉलिसी साधी, ॲड-ऑन एकही नाही. जीएसटी बाजूला ठेवू. बिल आलं ९०,००० रुपयांचं. प्लास्टिक आणि रबरचे भाग ४०,००० : यावर घसारा ५० टक्के, मिळाले २०,०००. धातूचे भाग २४,००० : तीन ते चार वर्षांच्या गाडीला घसारा २५ टक्के, मिळाले १८,०००. वाहत आलेल्या पिंपाने फोडलेली काच ६,००० : काचेला घसारा नाही, पूर्ण ६,०००. मजुरी १५,००० : पूर्ण. ऑइल, कूलंट, ग्रीस वगैरे ५,००० : शून्य. बेरीज ५९,०००. त्यातून १५०० सीसीपर्यंतच्या गाडीची सक्तीची वजावट १,०००. हातात ५८,०००, खिशातून ३२,०००.

“पण इन्शुरन्स होता ना?” हा प्रश्न घरी विचारला जाईल. उत्तर तयार ठेवा : होता, पण झिरो डेप, म्हणजे घसारा न कापणारं ॲड-ऑन, नव्हतं. झिरो डेप असतं तर घसाऱ्याचे २६,००० कंपनीने दिले असते.

आता उपगणित. क्लेम केला की नो क्लेम बोनस जातो. हा बोनस २०, २५, ३५, ४५ आणि ५० टक्के असा पायरी-पायरीने चढलेला असतो आणि एका क्लेमने शून्यावर येतो. ओन डॅमेजचा मूळ हप्ता वर्षाला १२,००० धरला, तर ५० टक्केवाल्याचे पहिल्या वर्षी ६,००० जातात, पुढे पुन्हा पायऱ्या चढताना ३,६००, ३,०००, १,८०० आणि ६००. एकूण १५,०००. म्हणजे दहा हजारांसाठी क्लेम करणारा हुशार विद्यार्थी पाच हजारांनी तोट्यात जातो. छोटं नुकसान गुपचूप खिशातून भरावं आणि त्याला त्याग म्हणावं.

शेवटचं सूत्र : दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या, म्हणजे पॉलिसीत लिहिलेल्या गाडीच्या किमतीच्या, ७५ टक्क्यांवर गेला तर कंपनी गाडी ‘टोटल लॉस’ धरते. मग दुरुस्ती नाही, किंमत मिळते. नूतनीकरणाच्या वेळी हप्ता कमी करायला ज्यांनी आयडीव्ही खाली ओढली होती, त्यांना त्या काटकसरीचं फळ याच दिवशी मिळतं. कर्ज बाकी असेल तर पैसे आधी बँकेकडे जातात. आणि मोडीत गेलेल्या गाडीची आरसी आपल्या नावावरून हटली की नाही, हे स्वतः तपासा. नाहीतर दुरुस्त होऊन परराज्यात फिरणाऱ्या त्याच गाडीचं चलन तुमच्या घरी येईल.

धडा सहावा : नकारपत्र

नकार गोड इंग्रजीत येतो आणि त्यात ‘खेद’ असतोच. तो खेद मनावर घेऊ नका, त्याखालचं कलम वाचा. कोणत्या अटीखाली नाकारलं हे लिहिलं नसेल तर लेखी विचारा. पूर्ण आणि अंतिम रक्कम मिळाली अशा पावतीवर सही मागितली आणि रक्कम मान्य नसेल, तर आपला आक्षेप लेखी कळवूनच पुढे जा.

पुढची वाट अशी. आधी कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला लेखी तक्रार. नियामकाच्या बीमा भरोसा पोर्टलवर किंवा १५५२५५ या क्रमांकावरही नोंद करता येते. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर विमा लोकपाल. त्यांची कार्यालयं मुंबईत आणि पुण्यातही आहेत. तिथे फी नाही, वकील लागत नाही, मर्यादा ५० लाख रुपये, आणि कंपनीच्या नकारापासून एका वर्षात जायचं. लोकपालांचा निवाडा कंपनीवर बंधनकारक असतो. जिल्हा ग्राहक आयोगाचा दरवाजाही आहे, त्याची मुदत दोन वर्षं. एवढं सगळं असूनही बहुतेक विद्यार्थी नकारपत्र वाचून “सगळे चोर आहेत” एवढाच निष्कर्ष काढतात आणि फाईल माळ्यावर टाकतात. हा निष्कर्ष कोणत्याही कार्यालयात दाखल करून घेतला जात नाही.

पुरवणी : घर

गाडीबरोबर घरातही पाणी शिरलं असेल तर दोन वाक्यं. गृहकर्जाच्या वेळी बँकेने जो विमा गळ्यात मारला, तो बऱ्याचदा तुमच्या आयुष्याचा असतो, भिंतींचा नव्हे. घरासाठी १ एप्रिल २०२१ पासून ‘भारत गृह रक्षा’ ही प्रमाणित पॉलिसी आहे, तिच्यात पूर येतो, आणि इमारतीच्या विमा रकमेच्या २० टक्के, कमाल १० लाखांपर्यंत, घरातलं सामानही आपोआप धरलं जातं.

स्वाध्याय

प्र. १. गाळलेल्या जागा भरा.
(अ) पाणी ओसरल्यावर ______ फिरवू नये.
(आ) दारावरची चिखलाची रेघ पुसण्याआधी तिचा ______ काढावा.

प्र. २. कोण कोणास व केव्हा म्हणाले?
(अ) “तुम्ही काही काळजीच करू नका, सगळं कव्हर आहे.”
(आ) “पॉलिसीत बघावं लागेल.”
(सूचना : दोन्ही उत्तरांत माणसं तीच आहेत. ‘केव्हा’ला पूर्ण गुण.)

प्र. ३. चूक की बरोबर ते सांगा.
(अ) काकांच्या फियाटचा अनुभव विमा कंपनीवर बंधनकारक असतो.
(आ) पॉलिसी संपून नव्वद दिवस उलटले तर जमलेला बोनसही जातो.

प्र. ४. कारणे द्या.
सर्व्हेअरच्या ‘हं’वरून कोणताही अंदाज बांधू नये.

प्र. ५. उपक्रम.
आज रात्री जेवणानंतर गाडीची पॉलिसी काढा आणि चारच गोष्टी बघा : ओन डॅमेज आहे का, मुदत कधी संपते, आयडीव्ही किती, आणि झिरो डेप व इंजिन प्रोटेक्ट आहेत का. ॲड-ऑन मिळतात ती पॉलिसी घेताना किंवा तिचं नूतनीकरण करताना. पाणी चढायला लागल्यावर ती कोणीही विकत नाही.